टायटर कमी आलं म्हणजे लस वाया गेली का?

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. लहानपणी कावीळ-बीचे तिन्ही डोस झालेत, फाइल जपून ठेवलीय. आता कॉलेजनं अँटीबॉडी टेस्ट करायला लावली तर आकडा ४ आला, लॅबवाला म्हणतो १०च्या वर पाहिजे. मग एवढी इंजेक्शनं वाया गेली का? (एक आई, सांगली)

उत्तर : ताई, नुसत्या या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. ही टेस्ट आत्ता रक्तात किती अँटीबॉडी फिरतायत तेवढंच मोजते (त्या आकड्यालाच टायटर म्हणतात), आठवण ठेवणाऱ्या पेशी ती मोजतच नाही आणि खरी गंमत तर त्या पेशींचीच आहे.

लस दंडात टोचली की डेन्ड्रायटिक पेशी (शरीरातल्या पहारेकरी पेशी) त्यातलं प्रथिन उचलतात आणि काखेतल्या लसिका गाठीत नेऊन टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मदतनीस पेशींना, दाखवतात. असंख्य टी पेशींमधल्या ज्या मोजक्यांना ते जुळतं त्या भराभर वाढतात आणि अँटीबॉडीचं काम बघणाऱ्या बी पेशींना मदत करायला लागतात. मग गाठीत एमपीएससीसारखी चाळणी लागते, म्हणजे बी पेशींच्या अँटीबॉडीच्या जीनमध्ये बारीक बारीक बदल होत राहतात, ज्यांची पकड घट्ट झाली त्या पुढे जातात, बाकीच्या तिथेच मरतात. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं, म्हणूनच पहिल्या आणि शेवटच्या डोसमध्ये अंतर ठेवलं की पुढची उसळी जास्त चांगली येते.

यातून निघालेल्या काही बी पेशींच्या प्लाझ्मा पेशी होतात, त्यांचं काम एकच, अँटीबॉडी बनवणं. यातल्या बऱ्याचशा लवकर मरतात, थोड्या बोन मॅरोत जाऊन वर्षानुवर्षं टिकतात. बाकीच्या होतात स्मृती बी पेशी, या काही बनवत नाहीत, गप थांबून राहतात आणि तोच जंतू परत दिसला की काही दिवसांतच ढिगानं अँटीबॉडी तयार करतात. टायटर उतरतं ते पहिल्या गटामुळे, दुसरा गट त्या रिपोर्टमध्ये दिसतच नाही.

अलास्कात १९८१ साली ही लस घेतलेल्या काही लोकांना ३० वर्षांनी परत तपासलं. जवळपास निम्म्यांचं टायटर अजून १०च्या वर होतं, आणि खाली गेलेल्यांना एक डोस दिल्यावर त्यातल्या बहुतेकांचं उसळून वर आलं, म्हणजे आठवण शाबूत होती. शिवाय हा व्हायरस सावकाश चालणारा, शरीरात शिरल्यापासून आजार दिसायला १ ते ६ महिने लागतात. तेवढ्या वेळात स्मृती पेशी आरामात तयार होऊन उभ्या राहतात, म्हणून सर्वसामान्य निरोगी माणसाला बूस्टरची गरज सहसा पडत नाही.

पण मुलगी नर्स होणार, सुया आणि रक्त रोजचंच, तिथे अंदाजावर राहू नये. कारण ४ आकडा दोघांचाही येतो, ज्यांचं टायटर उतरलंय त्यांचा आणि ज्यांना लस मुळात लागलीच नाही त्यांचाही (असे थोडे लोक असतात). तेव्हा एक डोस द्यायचा आणि १ ते २ महिन्यांनी परत टेस्ट करायची. आकडा १०च्या वर गेला तर विषय संपला. नाही गेला तर हा डोस नव्या फेरीतला पहिला धरून उरलेले दोन डोस पूर्ण करायचे आणि पुन्हा टेस्ट, आणि तरीही नाही आला तर तशी नोंद ठेवायची, म्हणजे कधी सुई टोचली तर लगेच तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन घेता येतं.

प्रश्न : शेतात काही ना काही लागतंच. दर सहा महिन्यांनी टीटी (धनुर्वाताचं इंजेक्शन) घ्यायचं म्हणतात, खरं का? एकदा घेतलेलं शरीर विसरतं का? (एक शेतकरी, नाशिक जिल्हा)

उत्तर : हा सहा महिन्यांचा हिशोब कुठून आला देव जाणे. लहानपणापासूनचे सगळे डोस झाले असतील तर दर १० वर्षांनी एक पुरतं, जखम खोल किंवा मातीशेणाची असेल आणि शेवटचा डोस होऊन ५ वर्षं उलटली असतील तर तेव्हा एक घ्यायचा. डोस झालेत की नाही हेच आठवत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मग उपचार वेगळा असतो. आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचाही भाग असतो. आणि गंजक्या खिळ्यानं धनुर्वात होतो म्हणतात, पण गंज बिचारा निर्दोष आहे, धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात.

शरीर विसरत नाही, पण इथे आठवणीवर भागत नाही. धनुर्वाताचं विष एकदा मज्जातंतूत शिरलं की अँटीबॉडी त्याला हात लावू शकत नाही, म्हणून ती आधीपासूनच रक्तात तयार लागते. आणि हे विष इतकं जहाल की जीव घ्यायला पुरेल एवढ्या मात्रेनंही प्रतिकारशक्ती नीट जागी होत नाही, त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही नंतर लस घ्यावीच लागते! २००७ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात धनुर्वाताच्या अँटीबॉडी निम्म्यावर यायला साधारण ११ वर्षं लागतात असं दिसलं, गोवराच्या बाबतीत हाच हिशोब २०० वर्षांच्या वर गेला.

प्रश्न : सासूबाई म्हणतात गोवर येऊन गेलेला बरा, जन्माची काळजी मिटते. मग लस कशाला? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १७८१ नंतर थेट १८४६ मध्ये गोवर आला, जवळपास ८ हजार वस्तीतल्या ६ हजार लोकांना झाला, पण लहानपणी गोवर झालेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा झाला नाही, हे पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरनं नोंदवून ठेवलंय. उरलेलं अर्धं मात्र महागात पडतं, कारण गोवराचा व्हायरस स्मृती पेशींनाच गाठतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांची गोवराआधीची आणि नंतरची रक्तं तपासली तर इतर जंतूंविरुद्धच्या ११ ते ७३ टक्के अँटीबॉडी गायब झालेल्या (२०१९चा अभ्यास). म्हणजे गोवर लक्षात राहिला आणि बाकीचं पुसलं गेलं. लसीमुळे असं होत नाही. २०२२च्या शेवटी गोवंडीत गोवरानं मुलं दगावली ते आठवत असेलच. ९ महिने पूर्ण झाले की पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांत दुसरा, चुकवू नका.

प्रश्न : बाळाला लसीनंतर ताप आला नाही. लस लागली नाही का? (एक बाबा, पुणे)

उत्तर : लागते. ताप ही सुरुवातीच्या एकदोन दिवसांची सर्वसाधारण प्रतिक्रिया, काहींना येतो काहींना नाही, आणि गाठीतलं काम तर त्यानंतरही कितीतरी दिवस चालू असतं. पुढची तारीख फक्त पाळा.