दंडाची शस्त्रक्रिया, आगाऊ रक्कम आणि सही केलेला फॉर्म

प्रश्न : मी डिचोलीची. 27 किलो वजन उतरल्यावर दंडांची सैल कातडी काढून घ्यायचा विचार आहे. पणजीतील एका केंद्रात सर्जन भेटलेच नाहीत. समुपदेशक बाईंनी माहिती दिली, 40,000 रुपये आगाऊ घेतले, तारीख दिली आणि इंग्रजी फॉर्मवर सही घेतली. ‘व्रण दिसणारसुद्धा नाही’ असे त्यांनी व्हॉट्सअॅपवर लिहिले होते. नंतर म्हापशातील प्लास्टिक सर्जननी काखेपासून कोपरापर्यंत व्रण राहणारच, असे सांगितले. केंद्र आता ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही अट दाखवते. मी बांधील आहे का?

उत्तर : शस्त्रक्रिया करून घेण्यास आपण मुळीच बांधील नाही, सज्ञान व्यक्तीला दिलेली संमती शस्त्रक्रियेपूर्वी केव्हाही मागे घेता येते. शिवाय, आपण पाठवलेल्या फॉर्मच्या छायाचित्रात सर्जनच्या नावापुढची रेघ कोरी आहे आणि धोक्यांच्या रकान्यात ‘समजावून सांगितले’ एवढाच छापील शिक्का आहे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले की उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि ठळक धोके यांची पुरेशी माहिती दिल्यानंतर घेतलेली संमतीच खरी संमती होय. दंडाच्या शस्त्रक्रियेत लांब व्रण हा क्वचित उद्भवणारा धोका नसून कातडी कापून काढण्याचा अटळ परिणाम आहे. तोच दडवला गेला असेल, तर त्या सहीला फारसा अर्थ उरत नाही.

पैशांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. चुकीचे सांगून करार घडवला असेल तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 19 खाली तो रद्द करण्याचा अधिकार आपल्याला मिळतो, आणि त्यासाठी तो व्हॉट्सअॅप संदेश आपल्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा आहे (फोन बदलण्याआधी तो जपून ठेवावा). करार टिकला असे धरले, तरी कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मागता येते, छापील अट आहे म्हणून सगळी रक्कम गिळता येत नाही. तपासणीचे शुल्क केंद्राने वजा केले, तर त्यावर भांडत बसू नये, असे माझे मत आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) मध्ये महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा सेवेतील त्रुटी मानली आहे. आपण डिचोलीत राहत असल्याने उत्तर गोव्याच्या पर्वरी येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येईल. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मात्र तक्रारीचा भर माहिती दडवण्यावर ठेवावा, ‘अनुचित करार’ (ग्राहकावर अन्यायकारक अटी लादणारा करार) या मुद्द्यावर नव्हे, कारण तो विषय कायद्याने राज्य आयोगाकडे सोपवला आहे.

दुसरीकडे शस्त्रक्रिया करून घ्यायचीच असेल, तर सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का आणि त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे आहे का, हे आधी पाहावे. शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार आणि भूल कोण देणार, हे नावानिशी लिहून घ्यावे. कागद इंग्रजीत असेल तर तो कोकणीत किंवा मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. आरोग्य विम्यातून साधारणपणे अशी सौंदर्यविषयक शस्त्रक्रिया वगळलेली असते, म्हणून विमा मिळेल असे कोणी सांगितल्यास पॉलिसीतले कलम आधी वाचावे.

सध्या तातडीचे काम एकच. फॉर्मवर शस्त्रक्रियेची तारीख घातलेली आहे; ती येण्यापूर्वी संमती मागे घेत असल्याचे आणि रक्कम पंधरा दिवसांत परत करण्याची मागणी करणारे पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे, म्हणजे शस्त्रक्रियागृह अडवून ठेवल्याने नुकसान झाले, असे म्हणायला केंद्राला जागा राहणार नाही.