जानेवारीत वेल्समध्ये मित्रांसोबत दोन दिवसांचं बाइकपॅकिंग (सायकलवर सामान बांधून भटकंती) करायचंय, पाऊस असणारच. तयारी काय करू, आणि तंबू न्यावा का?

तुम्ही लिहिलंय की बर्मिंगहॅमहून चौघं जाणार, उन्हाळ्यात दिवसाला ९० किमी आरामात होतात, आणि पावसाचं टेन्शन नाही कारण सह्याद्रीत पावसाळे काढलेत. पहिल्या दोन गोष्टी ठीक आहेत, तिसरीवर जरा बोलतो.

मीपण पुण्याचाच. जुलैत ताम्हिणीतून सायकल मारायची, चिंब भिजायचं, खाली आलं की कांदाभजी आणि चहा, हे सगळं केलंय. पण तिकडे धो धो पावसातसुद्धा हवा वीस-बावीस डिग्रीच्या वर असते हो, ओल्या टीशर्टवर अर्धा तास टपरीवर उभं राहिलं तरी फार तर शिंका येतात. वेल्सच्या डोंगरात जानेवारीत तीन-चार डिग्री, अटलांटिकवरून थेट येणारा वारा, आणि तो पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर बारीक बारीक चालूच. गंमत म्हणजे पेडल मारताना यातलं काहीच जाणवत नाही, चढावर तर घाम येतो. थांबलात की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. म्हणून माझं सगळं प्लॅनिंग एकाच प्रश्नाभोवती असतं, कुठे थांबावं लागेल, किती वेळ आणि तेव्हा अंगावर काय असेल. किलोमीटर वगैरे नंतर.

आणि चौघं म्हणजे थांबे चौपट. एकाला जॅकेट काढायचंय, पुढच्या वळणावर दुसऱ्याला घालायचंय, तिसऱ्याला शू लागली, चौथा फोटो काढतोय, आणि बाकीचे तिघं प्रत्येक वेळी वाऱ्यात उभे. आमच्याकडे आता ठरलेलंय की एक थांबला की सगळ्यांनी सगळं उरकायचं, खायचं, घालायचं-काढायचं, मोकळं व्हायचं आणि निघायचं. जो सगळ्यात स्लो आहे तो पुढे. चढावर हे जमत नाही, दमदार लोक सुटतातच, पण मग त्यांनी वर जाऊन खिंडीत उभं राहायचं नाही, परत खाली यायचं आणि शेवटच्याबरोबर पुन्हा चढायचं. ऐकायला येडेपणा वाटतो पण वर वाऱ्यात वाट बघत बसण्यापेक्षा शंभरपट बरं.

आता जायचं कुठे. बर्मिंगहॅममधून असाल तर माझ्या मते एलान व्हॅली. तुमच्या नळाला येणारं पाणी तिथलंच आहे, ही धरणं बर्मिंगहॅमसाठीच बांधलेली, १९०४ मध्ये राजा सातव्या एडवर्डने उद्घाटन केलं, आणि तिथून शंभरहून जास्त किलोमीटर पाणी नुसत्या उतारावर वाहत शहरात येतं, पंप नाही. दरीतली घरं, शाळा, चर्च पाण्याखाली गेलं, शंभरेक माणसं उठवली आणि भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना, कुळांना काही नाही. मुळशीच्या माणसाला यात काही नवीन वाटणार नाही. हिवाळ्यात जायचं खरं कारण म्हणजे धरणं भरून वाहत असतात, काबन कॉख धरणाच्या दगडी भिंतीवरून पूर्ण रुंदीने पाणी पडतं, पायथ्याशी उभं राहिलं की बोललेलं ऐकू येत नाही. उन्हाळ्यात हे बघायला मिळेलच असं नाही.

रूट असा. शुक्रवारी संध्याकाळीच श्रूजबरीला गाडी बदलून लँडरिंडॉडला जा आणि तिथे कुठल्यातरी बीअँडबीत झोपा. शनिवारी सकाळच्या ट्रेनने जाऊ म्हणाल तर अर्धा दिवस गेला, कारण जानेवारीच्या मध्यात तिकडे उजाडतं सव्वाआठला आणि सूर्य मावळतो साडेचारला, ढग असतील तर चारलाच अंधारतं. शनिवारी उजाडल्या उजाडल्या निघायचं, छोट्या रस्त्यांनी रायाडर, वीसेक किलोमीटर. ते शेवटचं दुकान, जे घ्यायचं ते तिथेच. मग जुन्या रेल्वेमार्गावरची एलान व्हॅली ट्रेल, धरणाखालच्या व्हिजिटर सेंटरला गरम काहीतरी, ते उघडं आहे ना हे आधी बघून ठेवा. तिथून गॅरेग-दीचा पूल ओलांडून क्लेरवेन धरणाकडे. वाटेत डॉल-अ-मनाख नावाचं अर्धवट सोडलेलं धरण दिसतं, पुढे काबन कॉख भरलं की त्याचा पाया पाण्याखाली जाणार म्हणून तेवढाच भाग आधी बांधून ठेवला आणि नंतर विचारच बदलला, त्याऐवजी वर १९५२ मध्ये हे अवाढव्य क्लेरवेन उभं राहिलं.

क्लेरवेनपासून डांबर संपतं. धरणाच्या काठाकाठाने दहाएक किलोमीटरचा कच्चा रस्ता, खडी, खड्डे, डबकी, चढ फार नाही, पण एक झाड नाही, एक घर नाही, मोबाइलला रेंज नाही आणि वारा बहुतेक वेळा समोरून. त्याच्या टोकापुढे एलान इस्टेटमधली क्लेरदी बॉथी आहे, म्हणजे डोंगरातलं साधं दगडी घर, कोणीही येऊन राहावं, पैसे नाहीत आणि बुकिंगही नाही. दुसऱ्या दिवशी तिथून टायवी पूल्स नावाची तळी, मग फेर रोसला उतरायचं, बाँट गावातून (पाटीवर नाव भलतंच लांबलचक आहे, लोक बाँटच म्हणतात) इस्टविथ ट्रेल पकडून ॲबरिस्टविथला समुद्रावर. पहिला दिवस पन्नासच्या आत, दुसरा चाळीसच्या आत. तुमच्या ९०च्या जवळपास अर्धं झालं ना, बरोबर आहे, तेवढंच धरा.

उलट दिशेने केलं तर वारा पाठीला मिळेल, हे खरंय. पण रविवारी लँडरिंडॉडच्या लाइनवर गाड्या अगदी मोजक्या असतात आणि एक चुकली की थंडीत तासन् तास स्टेशनवर, म्हणजे पुन्हा थांबणंच. मी समोरचा वारा पत्करतो.

नकाशावर तुम्हाला बाँटजवळच्या स्ट्राटा फ्लोरिडाहून टोवी (Tywi, टायवीहून वेगळी नदी) नदीच्या वरच्या खोऱ्यात जाणारी एक वाट दिसेल, व्हिडिओ पण भरपूर आहेत. तिच्यावर ओढे एकामागून एक ओलांडावे लागतात आणि एकाला तर बॉम्ब होल म्हणतात. उन्हाळ्यात मजा. जानेवारीत नको, कमरेएवढ्या गार पाण्यातून गेल्यावर पुढचे तीन तास कोण सांभाळणार. कुठल्याही ओढ्याला पाणी गढूळ आणि जोरात असेल, तळ दिसत नसेल तर मागे फिरा.

तंबूचं म्हणाल तर वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकता येत नाही, स्कॉटलंडसारखं नाहीये. बॉथी त्यासाठीच सोयीची, पण तिचे रिवाज पाळा. सहा किंवा जास्त जणांचा ग्रुप नेऊ नये, तुम्ही चौघं म्हणजे चालेल. कचरा सगळा परत न्यायचा. तिथे संडास असेलच असं धरू नका, छोटं फावडं ठेवा आणि पाण्यापासून, घरापासून लांब जा. आसपास सरपण मिळत नाही, रायाडरला लाकडाच्या भुशाचे दाबलेले ठोकळे किंवा कोळसा मिळाला तर एक पिशवी घ्या, जड होते पण ओले मोजे वाळण्याची तीच एक आशा. आधीच कोणी येऊन बसलं असेल तर सरकून जागा देतात, तरी दोघांत एक हलका तंबू किंवा टार्प असू द्या. इमर्जन्सी म्हणून.

सामानात पहिली वस्तू म्हणजे ग्रुप शेल्टर. नायलॉनची मोठी पिशवी असते, चौघांनी डोक्यावरून ओढून आत बसायचं, वजन अर्धा किलोच्या आसपास. पाच मिनिटांत आत उबदार होतं. जेवायला, पंक्चर काढायला, कोणी कुडकुडायला लागला तर. आमच्यातल्या डोंबिवलीकराने याची आधी इतकी टिंगल केली होती आणि आता तोच सगळ्यात आधी आत शिरून बसतो.

दुसरं, झोपायच्या कपड्यांचा एक पूर्ण कोरडा सेट, मोज्यांसकट, ड्रायबॅगमध्ये आणि वर अजून एक कचऱ्याची जाड पिशवी. हा सेट सायकल चालवताना कधीच घालायचा नाही. सकाळी उठून तेच कालचे ओले गार कपडे अंगात चढवायचे, शिव्या देत का होईना, पाच मिनिटं वाईट जातात मग पेडल मारलं की शरीर सांभाळून घेतं. कोरडा सेट घालून निघालात तर तासाभरात तोही भिजला आणि आता तुमच्याकडे काहीच नाही. आतून कॉटन अजिबात नको, मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर. डाउनची, म्हणजे पिसांची, स्लीपिंग बॅग ओली झाली की तिचा फुगवटा जातो आणि ऊबही, सिंथेटिक असेल तर ती न्या.

हात हा खरा प्रॉब्लेम आहे. वॉटरप्रूफ म्हणून विकलेले महागडे ग्लोव्हज एकदा आतून ओले झाले की काढून परत घालताच येत नाहीत, अस्तर बाहेर येतं. त्यापेक्षा निओप्रिनचे घ्या, ओले असूनही गरम राहतात, आणि एकूण तीन जोड्या ठेवा. हँडलवर चढवायचे मोठे कव्हर मिळतात, दिसायला भयानक, पण मी आता त्याशिवाय जात नाही. वॉटरप्रूफ मोजे वरून भरतात, त्यामुळे पावसाळी पँट मोज्याच्या बाहेरून खाली यायला हवी, आत खोचायची नाही.

सायकलला पूर्ण मडगार्ड लावा, मागच्या मित्रावर उपकार म्हणून तरी. डिस्क ब्रेकला रेझिनचे पॅड असतील तर मेटलचे बदलून घ्या, रोटर त्यांना चालतो ना ते बघून, कारण ओल्या वाळूत रेझिनचे पॅड एका वीकेंडलासुद्धा संपू शकतात, आणि एक्स्ट्रा जोडी खिशात असू द्या. चेनला वेट ल्यूब, म्हणजे पावसात टिकणारं घट्ट तेल. टायर जाड आणि ट्यूबलेस असतील तर उत्तम, गारठलेल्या बोटांनी रिमवरून टायर काढणं काय असतं ते तिथेच कळेल. पंक्चर झालंच तर आधी सगळ्यांनी जॅकेट घालायचं, मग चाकाला हात लावायचा. लाइट प्रत्येकाकडे दोन, एक हँडलला एक डोक्यावर. थंडीत बॅटरी लवकर उतरते, पॉवरबँक आणि फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये. गॅसचा डबा पण तिथेच घ्या, नुसत्या ब्युटेनचा डबा शून्याच्या आसपास पेटतच नाही, आयसोब्युटेन-प्रोपेन मिक्स विकत घ्या. आत शिजवत असाल तर दार थोडं उघडं.

खाण्याबाबत आपण लोक नशीबवान आहोत. संक्रांत जवळ असेल तर गुळपोळ्या करून न्या, चार दिवस टिकतात, थंडीत एनर्जी बारसारख्या दगड होत नाहीत आणि ग्लोव्हज घालूनही खाता येतात. रात्री पिठल्याचं प्रीमिक्स आणि झटपट भात, वर मेतकूट आणि तुपाचा मोठा गोळा. दुधाची पावडर घातलेला आल्याचा चहा थर्मासमध्ये भरून प्रत्येकाकडे, एकाच्याच बॅगेत नको. त्या बॉथीत आमचा पिठल्याचा वास सुटला तेव्हा आधीपासून बसलेल्या दोन वेल्श काकांनी बशा पुढे केल्या होत्या.

एक महत्त्वाचं. क्लेरवेन धरणाच्या भिंतीपाशी दुपारी दीडपर्यंत पोचला नाहीत, किंवा कोणी एक जरी थांबल्यावर कुडकुडायचा थांबत नसेल, तर तिथूनच मागे रायाडरला. पंधरा किलोमीटर, डांबरी, बहुतेक उतार आणि वारा पाठीला. त्याच्या पुढे गेलात की असा सोपा परतीचा रस्ता नाही. बडबड्या मित्र अचानक गप्प झाला, हेल्मेटचं बक्कल त्याला सुटेना, शब्द अडखळायला लागले तर "चल रे, अजून थोडंच" असं म्हणायचं नाही, शेल्टर काढायचं, कोरडे कपडे, गोड चहा. मदत लागली तर ९९९ ला पोलीस मागून माउंटन रेस्क्यू सांगायचं. ९९९ ला मेसेजही करता येतो, पण त्यासाठी फोन आधी रजिस्टर करावा लागतो, register असं इंग्रजीत टाइप करून ९९९ ला पाठवायचं, घरूनच करून निघा.

हवामान खात्याची वाऱ्याची यलो वॉर्निंग असेल तर मी जात नाही, त्या काठावर सायकल धरून उभंही राहता येत नाही. नुसता पाऊस असेल तर जातो. रात्री गोठलं असेल तर रविवारी जरा उशिरा निघा, फेर रोसच्या उतारावर आणि गुरांसाठी बसवलेल्या लोखंडी जाळ्यांवर बर्फ धरतो, जाळीवर सायकल सरळ ठेवायची आणि ब्रेकला हात नाही.

ॲबरिस्टविथहून बर्मिंगहॅमची गाडी साधारण दर दोन तासांनी असते, पण सायकलला जागा अगदी कमी आणि चौघांच्या एकाच गाडीत मिळतील याची खात्री नाही, तेव्हा दोघं-दोघं अशा दोन गाड्यांत आत्ताच बुक करून टाका.