दाढ किडली आहे, रूट कॅनालला पैसे नाहीत. घरच्या घरी काही होतं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की खालची डावीकडची दाढ किडलीय, रात्री ठणकते, चोपड्यात रूट कॅनाल (आतली नस काढून दाढ भरणं) आणि कॅप (दाढेवरची टोपी) मिळून साडेसहा हजार सांगितले आणि केळी कापणीच्या रोजात ते बसत नाहीत. घरगुती उपायाने कीड जाते का, असं विचारलंय. नाही जात. एकदा दाताला भोक पडलं की ते आपोआप भरत नाही, कशानेच नाही. पण साडेसहा हजार नसतील तर दाढ धरून बसायचं, असंही नाही. मधले रस्ते आहेत आणि ते आपल्याच भागात आहेत.

मी दाताचा डॉक्टर नाही. जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यात मेडिकलवर बसतो. संध्याकाळी मजुरीहून परतणारी माणसं गाल धरून येतात, "दाढदुखीची गोळी द्या, पावरची द्या." गोळ्यांचा अख्खा पत्ता घेत नाहीत, दोन गोळ्या कापून मागतात, तिथेच जारचं पाणी घेऊन गिळतात. चार दिवसांनी तोच माणूस परत. वर्षभर गोळ्यांना सुटे-सुटे जे पैसे जातात त्यात सरकारी दवाखान्याच्या खेपा आणि बुडालेला रोज दोन्ही निघाले असते, हे मी धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतोय.

आधी दाढ कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखा, कारण खर्च त्यावर ठरतो. गार पाणी किंवा गोड लागलं की झिणझिण होते आणि काही सेकंदांत थांबते, तर कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचलेली नसते. अशा वेळी भोकात नुसतं दाताचं सिमेंट भरून काम भागतं. पण काही न खाता-पिता ठणका लागतो, रात्री आडवं पडलं की वाढतो, गरम चहाचा घोट घेतला की कळ येते आणि बराच वेळ जात नाही, तर नसेला इजा झालीय. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकारातलं आहे. म्हणजे नुसतं भरून जमेल अशी आशा फार ठेवू नका. रूट कॅनाल किंवा दाढ काढणं, दोनातलं एक.

इथे एक गोष्ट लोकांना फसवते. आठ-दहा दिवस जीव नकोसा करणारी दाढ एका सकाळी एकदम गप्प होते. लवंगेनं गुण आला, असं वाटतं. बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते, म्हणून दुखायचं थांबतं. मग मुळाशी पू साठत राहतो, हिरडीवर बारीक पुळी येते, फुटते, परत येते. तशी पुळी दिसली तर दुखत नसलं तरी जा.

आता पैशाचं. पहिली पायरी तुमच्या गावातच आहे, चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात हे एकदा खिडकीवर विचारून घ्या, नाहीतर रोज बुडवून हात हलवत परत याल. दाढ काढणं, साधं सिमेंट भरणं, दात साफ करणं ही कामं अशा ठिकाणी होतात. रूट कॅनाल होईलच असं नाही. जळगावचं जुनं सिव्हिल आता सरकारी मेडिकल कॉलेजकडे आहे, दातांची ओपीडी तिथेही विचारा.

रूट कॅनालसाठी डेंटल कॉलेज. चोपड्याहून अमळनेरमार्गे धुळे गाठा, साक्री रोडला एसीपीएम डेंटल कॉलेज आहे. सरकारीच पाहिजे तर छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, पण चोपड्याहून तो पल्ला लांब पडतो. कॉलेजमध्ये स्वस्त का, तर मुलांना शिकायला पेशंट लागतात. लोक म्हणतात, "पोरं शिकतात आपल्यावर." शिकतात, खरं आहे. पण प्रत्येक पायरीला वरचे सर येऊन बघतात, एक्स-रे बघतात, मगच पुढची पायरी. माझ्या मते घाईत एका बैठकीत उरकलेल्या कामापेक्षा हे बरं. खरी किंमत वेळेची आहे. खासगीत एक-दोन खेपांत होणाऱ्या कामाला तिथे तीन-चार खेपा लागू शकतात आणि प्रत्येक खेपेला तुमचा रोज बुडतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: एकूण किती वेळा यावं लागेल, एकूण किती पैसे, आणि कॅपचे वेगळे का. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरच्या पुढच्यांना फुकट. घरात आणखी कोणाचे दात असतील तर एकाच खेपेत दाखवून घ्या.

चोपड्यातल्या त्याच डॉक्टरांशीही एकदा मोकळं बोला. संकोच वाटतो, पण विचारल्याशिवाय समोरच्याला कळत नाही. रूट कॅनाल आता आणि कॅप दोन-तीन महिन्यांनी चालेल का? दाताच्या रंगाची नको, धातूची कॅप केली तर किती? मागच्या दाढेला धातूची कॅप छान चालते, हसताना कोण बघतंय तिकडे. फक्त कॅप कायमची टाळू नका. नस काढलेली दाढ ठिसूळ होते, भाकरीत आलेल्या एका खड्याने उभी चिरते आणि आधीचे सगळे पैसे पाण्यात जातात. फुले जनआरोग्य योजनेचं कार्ड घेऊन बरेच जण डेंटलला जातात. ती योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या मोठ्या उपचारांसाठी आहे, साध्या रूट कॅनालला तिच्यावर विसंबू नका.

आणि काढून टाकायची का? आपल्याकडे सल्ला तयारच असतो, "दाढ काढी टाक, कटकट मिटी जाई." अक्कलदाढ असेल तर मी पण हेच म्हणेन, तिच्यावर हजारो घालू नका. पण चावायची दाढ गेली की शेजारची हळूहळू त्या फटीत कलते, समोरची लांबते, आणि काही वर्षांनी त्या बाजूने दादरची (ज्वारीची) भाकरी चावणं जड जातं. म्हणून वाचत असेल तर वाचवावी. तरीही खेपा शक्य नाहीत, पैसे शक्य नाहीत, अशी वेळ असेल तर सरकारी दवाखान्यात मोफत काढून घेणं हे वर्षभर गोळ्या खाण्यापेक्षा शंभर पटीने शहाणपणाचं आहे. त्यात कमीपणा नाही. "वरची दाढ काढली की डोळा जातो" हे साफ खोटं आहे, तेवढ्यासाठी थांबू नका.

नंबर लागेपर्यंतचे दिवस कसे काढायचे. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरा, खाल्लेलं भोकात अडकलेलं निघालं की निम्मा ठणका उतरतो. लवंग तेलात बधिर करणारं द्रव्य असतं, त्यामुळे थोडा वेळ आराम मिळतो. कापसाच्या बोळ्याला एक थेंब, तो भोकात, हिरडीला लागू देऊ नका, भाजते. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या. गोळीच लागली तर मोठ्या माणसाला जेवणानंतर आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 500 ही जोडी दाढदुखीला चांगली लागू पडते, दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा आणि दोन-तीन दिवसच. अल्सर, किडनी किंवा हृदयाचा त्रास, दमा, गरोदरपण, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यातलं काही असेल तर आयबुप्रोफेन नको, आधी डॉक्टरांना विचारा. आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. दिवसभर बागेत घाम गाळून, पाणी कमी पिऊन वर या गोळ्या रोज घेतल्या तर किडनीवर येतं. रोज "पावरची गोळी" मागणाऱ्या माणसाला मी गोळीपेक्षा हे आधी सांगतो, काही जण चिडतात.

अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नका. ते दाढदुखीचं औषध नाही. सूज-ताप असेल तेव्हा डॉक्टर देतात आणि तेव्हाही दाढेचं काम करावंच लागतं. दोन गोळ्या खाऊन बंद करणं तर सगळ्यात वाईट.

काय करायचं नाही ते पण सांगतो, कारण हे सगळं मी बघितलंय. रुईचा चीक दाढेत सोडायचा नाही, हिरडी आणि गालाची साल निघते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून धरायची नाही, तिनेही भाजतं. तंबाखूची चिमूट, मशेरी, तपकीर लावल्याने बधिर वाटतं म्हणून आपल्याकडच्या बायका वर्षानुवर्षं लावतात. दात वाचत नाही, हिरड्या जातात आणि कॅन्सरचा धोका वेगळा. टूथपेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार.

मग बाजाराच्या दिवशी बसणारी दातातला किडा काढणारी माणसं. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकतात, नळीने धूर दाढेला देतात आणि खाली धरलेल्या वाटीतल्या पाण्यात बारीक पांढरे किडे तरंगताना दाखवतात. माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, मग विश्वास का बसणार नाही? ते किडे म्हणजे तापून फुटलेल्या बियांचे आतले वाकडे अंकूर असतात. कीड लागते ती जंतूंमुळे. आपण खाल्लेल्या साखरेचं ते आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो. ते जंतू डोळ्याला दिसत नाहीत, वाटीत तर नाहीच नाही. रस्त्यावर दात बसवून देणाऱ्यांकडेही जाऊ नका. एकाच्या तोंडातली हत्यारं दुसऱ्याच्या तोंडात, त्यातून हिपॅटायटिस बी ही कावीळ येऊ शकते.

हे मात्र लक्षात ठेवा. गालाची सूज डोळ्याकडे चढली, किंवा जबड्याखाली गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, थंडी-ताप आला, श्वास लागला, तर ते दाताचं दुखणं राहिलेलं नाही. पैशाचा हिशोब न करता त्याच रात्री 108 ला फोन करा किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. दाढेचा पू गळ्यात उतरून माणूस दगावू शकतो.

बाकीचे दात सांभाळायचं तर फार खर्च नाही. दहा-वीस रुपयांची पेस्ट चालते, पण तिच्यावर फ्लोराईड लिहिलेलं बघा, 1000 पीपीएमच्या आसपास. लाल मंजन, राखुंडी, कोळसा यांनी दात घासून झिजतात आणि फ्लोराईड मिळत नाही ते नाहीच. बाभळीची-निंबाची काडी वाईट नाही, पण ती पेस्टची जागा घेत नाही. रात्री झोपताना घासा, फेस थुंका आणि वरून खळखळून चूळ भरू नका, औषध दाताला लागू द्या. साखरेचं म्हणाल तर किती खाता यापेक्षा किती वेळा खाता याला महत्त्व आहे. सकाळपासून दर तासाला अर्धा कप गोड चहा म्हणजे दाताला उसंतच नाही. तोच चहा जेवणाबरोबर घ्या.

घरात सहा-सात वर्षांचं पोर असेल तर आज रात्री बॅटरी धरून त्याचं तोंड बघा. त्या वयात दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. काहीही न पडता येते, म्हणून आईबापांना तीही दुधाची वाटते, "पडेलच ती" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, ती जन्माची असते. शाळेत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, त्यात दातही बघतात, तेव्हा पोराला घरी ठेवू नका. लहान मुलांच्या कीड लागलेल्या दाताला सिल्व्हर डायअमीन फ्लोराईड नावाचं औषध नुसतं लावतात. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, कीड बरेचदा तिथेच थांबते. डाग काळा पडतो, तेवढं चालवून घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलंय. डॉक्टरांना नाव सांगून विचारा. तुमच्या ठणकणाऱ्या दाढेला मात्र त्याचा उपयोग नाही.

जायच्या दिवशी पहिल्या एसटीने निघा, ओपीडीचे नंबर लवकर संपतात. आधार कार्ड, आधीचा एक्स-रे, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा. शुगर, बीपी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर इंजेक्शनच्या आधी सांगा. उपाशी जाऊ नका, उपाशी पोटी खुर्चीवर बसलं की बऱ्याच जणांना चक्कर येते. दाढ काढली तर कापूस पाऊण-एक तास दाबून धरा, सारखं थुंकू नका, चूळ दुसऱ्या दिवसापासून. आणि बिडी-तंबाखू निदान तीन दिवस बंद, नाहीतर जखमेतली रक्ताची गाठ निघते आणि काढलेल्या दाढेची जागा आधीपेक्षा जास्त ठणकते.