पाऊस सरताना फुलणारे निवडुंग आणि सक्युलंट : वाचकांचे प्रश्न

गणपती गेले, पावसाचा जोर ओसरला की कोकण किनाऱ्यावरून येणाऱ्या प्रश्नांमध्ये निवडुंग आणि सक्युलंट (पानांत-खोडात पाणी साठवणारी गुबगुबीत झाडं) यांचे प्रश्न वाढतात. कुणाचं झाड पावसाळ्यात सडलेलं असतं, कुणाच्या झाडाला कळ्याच धरत नाहीत. या वेळी शरदात फुलणाऱ्या, किंवा फुलायला हव्यात अशा झाडांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : कलांचो आणला तेव्हा फुलांनी भरलेला होता. त्यानंतर दोन वर्षं नुसती पानं. पडवीत ठेवतो, शेणखत देतो, पाणी बेताचं. काय चुकतं? (गुहागर)

तुमच्या पडवीत रात्री दिवा जळतो का, ते आधी पाहा. कलांचो रात्रीच्या लांबीवर फुलतो. रोज साधारण 14 तास सलग अंधार, असे सहा आठवडे मिळाले की त्याला कळ्या हमखास धरतात. यात ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. मध्यरात्री काही मिनिटं दिवा लागला तरी झाडाच्या लेखी ती रात्र मोडते आणि एका लांब रात्रीऐवजी दोन लहान रात्री होतात. रात्रभर जळणारा पडवीतला बल्ब किंवा रस्त्यावरचा खांब असेल, तर झाड कितीही निरोगी असलं तरी पानंच काढत राहतं.

सोपा उपाय म्हणजे सप्टेंबरअखेर कुंडी परसदारी, जिथे कुठलाच दिवा पोचत नाही अशा जागी, पण छपराखाली हलवा. आपल्याकडे तेव्हापासून रात्र बारा तासांहून मोठी होत जाते. तेवढ्यावर जानेवारीच्या आसपास फुलं येतात.

नोव्हेंबरातच फुलं हवी असतील तर 15 ऑगस्टच्या सुमारास झाकायला सुरुवात करा. संध्याकाळी साडेपाचला जाड पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालायचं, सकाळी साडेसातला काढायचं. एकही दिवस चुकवू नका. काळं प्लास्टिक वापरू नका, आत वाफ धरते आणि पानांवर भुरी येते. हे काम ऑक्टोबरपेक्षा ऑगस्टात चांगलं साधतं, कारण ऑक्टोबरच्या उन्हाने संध्याकाळी साडेपाचलाही खोक्याखाली भट्टी होते आणि उष्णतेने कळ्या धरायला उशीर होतो.

सहा आठवड्यांनी शेंड्याची वरची दोन पानं बोटांनी अलगद बाजूला करून पाहा. रव्याच्या दाण्यासारखे हिरवे ठिपके दाटीने दिसले की झाकणं थांबवा. मग झाडावर आकाशकंदिलाचा उजेड पडला तरी बिघडत नाही.

शेणखत मात्र ऑगस्टनंतर बंद. नत्र जास्त झालं की पानं फोफावतात. त्याऐवजी 0:52:34 हे नत्र नसलेलं विद्राव्य खत एका लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, कुंडीत द्या, पानांवर नको. फुलं संपली की देठ पानांच्या दोन जोड्या ठेवून छाटा, नाहीतर पुढच्या वर्षी झाड बुडाशी उघडं आणि लोंबकळतं होतं.

प्रश्न : ब्रह्मकमळाला सप्टेंबरात सात-आठ कळ्या आल्या. फुलं नीट दिसावीत म्हणून कुंडी खळ्यात आणली, तर चार दिवसांत सगळ्या गळल्या. (देवगड)

कुंडी हलवली, तिथेच कळ्या गेल्या. कळी धरल्यावर झाडाची जागा बदलू नये, कुंडी फिरवूही नये. उजेडाची बाजू आणि हवेतला ओलावा एकदम बदलला की हे झाड आधी कळ्या टाकतं. दुसरं कारण पाण्यातली अनियमितता. परतीचा पाऊस थांबल्यावर चार-पाच दिवस कुंडी कोरडी पडते, मग कुणीतरी बादलीभर पाणी ओततं.

आपण ब्रह्मकमळ म्हणतो ते मुळात मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या जंगलात झाडांवर वाढणारं निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ अगदी वेगळं. कोकणची दमट हवा याला मानवते, म्हणूनच आपल्याकडे ते जूनपासून ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने फुलतं. नव्याने शरदात फुलणारं काही लावायचं असेल तर किनाऱ्यावर आमची पहिली शिफारस हीच.

त्याला नुसती माती नको. सोडणाचे (नारळाच्या सालीचे) दोन बोटं रुंदीचे तुकडे, लाकडी कोळसा, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी माती असं भरड मिश्रण घ्या. सकाळचं दोन-तीन तास ऊन, नंतर सावली. लांब जुन्या फांद्या बेढब दिसतात म्हणून कापू नका, फुलं त्यांच्याच कडांच्या खाचांतून येतात. कळी खाली लोंबत वाढते आणि फुलायच्या सुमारास मान वर उचलते. मान उचललेली दिसली की त्या रात्री जागं राहायची तयारी ठेवा. पहाटेपर्यंत फूल मिटतं.

प्रश्न : गोल निवडुंग दर पावसाळ्यात बुडापासून सडतात. कुंडीत समुद्राची वाळू धुऊन घालतो. (मालवण)

ती वाळू आधी काढा. धुऊन मीठ गेलं तरी दाणा बारीक राहतो. पाणी दाण्यांमध्ये अडकून बसतं, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी आत शिरते. शिवाय शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने माती चुनखडीची होते.

आपल्याकडचा सगळ्यात चांगला माल चिरेखाणीवर पडलेला असतो. जांभ्याचे तुकडे 5 ते 8 मिलिमीटरपर्यंत फोडा आणि चाळून, धुऊन भुकटी काढून टाका. ही भुकटी राहिली तर पावसात तिचा चिखल होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. करवंटीने मोजलं तर जांभ्याची खडी चार, नदीची जाड वाळू दोन, कोळशाचे तुकडे एक, पूर्ण कुजलेलं शेणखत एक. कुंडी खापराची, झाडाच्या घेरापेक्षा दोन बोटंच मोठी. पाणी ओतल्यावर दहा-पंधरा सेकंदांत खालून बाहेर आलं पाहिजे.

जून ते दसरा झाडं पारदर्शक पत्र्याखाली ठेवा, दोन बाजू उघड्या. झापाखाली (नारळाच्या विणलेल्या झावळ्यांखाली) ठेवलीत तर पाऊस लागणार नाही, पण उजेडाअभावी झाडं लांबट, फिकट होतील आणि अशी झाडं फुलत नाहीत. पागोळ्यांचे शिंतोडे येतात ती कड टाळा. या काळात तीन आठवड्यांतून एकदा, तेही उघडीप असेल तर, थोडंसं पाणी पुरे.

दसऱ्यानंतर एकदम उन्हात आणू नका. पहिला आठवडा सकाळी नऊपर्यंत, दुसरा अकरापर्यंत, मग कायमचं, तरीही दुपारी 50 टक्के हिरव्या जाळीखाली. ऑक्टोबरच्या उन्हात भाजलेला पिवळट-पांढरा डाग पुन्हा कधीच हिरवा होत नाही.

सड लागलीच तर बुडाशी अंगठ्याने दाबा. पिकून उतरलेल्या चिकूसारखं लागलं तर थांबू नका. सुरी स्पिरिटने पुसून वरून आडवा काप घ्या. कापात मधोमध तपकिरी ठिपका किंवा वलय दिसलं तर आणखी एक चकती कापा, सुरी पुन्हा पुसा. स्वच्छ हिरवट-पांढरा काप मिळेपर्यंत हे चालू ठेवा. कापावर गंधकाची पूड लावा आणि तुकडा रिकाम्या कुंडीच्या तोंडावर उभा ठेवून वाळवा. आडवा ठेवलात तर वाकतो आणि कुशीतून मुळं फुटतात. आपल्या हवेत काप सुकायला पंधरा दिवसही लागतात. घाईने मातीत लावलेला तुकडा पुन्हा सडतो.

प्रश्न : ख्रिसमस कॅक्टस किनाऱ्यावर फुलेल का? (हर्णै)

फुलेल, पण शरदात नाही. हे झाड आग्नेय ब्राझीलच्या डोंगरांतलं. त्याला लांब रात्रीबरोबर 15 ते 20 अंशांची थंड रात्रही लागते, आणि ऑक्टोबरात किनाऱ्यावरची रात्र तेवढी उतरत नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली तर कळ्या दिसतील. आंबोलीसारख्या उंचावर घर असेल तरच हौसेने आणा. लिथॉप्स, म्हणजे ‘जिवंत दगड’, तर आणूच नका. ते कोरड्या आफ्रिकेतलं आहे, आपला पावसाळा त्याला सोसत नाही.

प्रश्न : स्टॅपेलियाच्या मोठ्या फुलाला कुजका वास येतो आणि मध्ये अळ्या दिसतात. झाडाला कीड लागली आहे का? (अलिबाग)

कीड नाही. मांस कुजल्याचा वास सोडून फूल माश्यांना बोलावतं, त्यांच्याकडूनच परागीभवन होतं. माश्या फसून मध्यावर अंडी घालतात, अळ्यांना खायला काही नसल्याने त्या मरतात. झाडाला त्रास नाही. कुंडी खिडकी-दारापासून लांब ठेवा, एवढंच. दिसतो निवडुंगासारखा, पण स्टॅपेलिया आपल्या रुईच्या कुळातला आहे.

प्रश्न : घाटातल्या कड्यावरून शिंदळ माकुडी आणून लावता येईल का? (चिपळूण)

कड्यावरून आणू नका, ही कळकळीची विनंती. ही वनस्पतीही स्टॅपेलियासारखी रुईच्याच कुळातली आणि फक्त महाराष्ट्रात सापडणारी. 1860 च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया नाव मिळालं. जुन्नर, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणच्या कड्यांवर ती तग धरून आहे. एक काडी काढताना मूळ हललं की अख्खा झुबका खाली जातो.

लागवडीत वाढवलेल्या रोपाची काडी मिळाली तर जरूर लावा, कारण ती काडीवर सहज येते. मेच्या शेवटी 8 ते 10 सेंटिमीटरची काडी घ्या, चीक वाळू द्या, चार दिवस सावलीत ठेवा आणि वरच्याच जांभ्याच्या मिश्रणात उथळ कुंडीत आडवी टेकवा. थेट पाऊस नको, सकाळचं ऊन हवं. पाऊस सरता सरता गडद तांबूस, पिवळ्या नक्षीची चांदणीसारखी लहान फुलं येतात. पुढे हवा कोरडी झाली की सगळी पानं गळतात आणि नुसत्या हिरवट-करड्या कांड्या उरतात. झाड मेलं समजून टाकू नका, पाणीही वाढवू नका. महिन्यातून एकदा कुंडी जेमतेम ओलसर करा, जूनमध्ये पानं परत येतील.