मुलांना वर्णन लिहायला शिकवताय? सुरुवातीला एवढंच करा

तिसरी-चौथीच्या मुलांकडून पहिल्याच आठवड्यात पानभर गोष्ट मागू नका. चार-पाच ओळी पुरेत, पण एकाच क्षणाच्या. 'सहलीचा दिवस' म्हटलं की मुलं उठण्यापासून झोपेपर्यंत सगळं उरकून टाकतात. 'बस सुटली तो क्षण' म्हटलं की थांबून बघतात.

मुलं दिसतं तेवढंच लिहितात. आवाज, वास, चव, स्पर्श यांची आठवण तुम्ही करून द्यायची. वहीत "तो घाबरला" असं आलं तर खोडू नका, विचारा, "तेव्हा त्याचे हात काय करत होते?" उत्तर लगेच येतं, "घामानं ओले झाले, चेंडू निसटला." हेच लिही म्हणायचं. माझा अर्धा तास अशा गप्पांतच जातो.

नव्या शिक्षकांच्या नेहमीच्या चुका:

- विशेषणांची यादी फळ्यावर देणं. मग प्रत्येक झाड हिरवंगार आणि प्रत्येक फूल सुंदर! (मीही वर्षभर हेच केलं.) त्यापेक्षा क्रियापद बदलायला लावा: 'गेला'ऐवजी 'लंगडत गेला', 'सटकला', 'धूम ठोकली'.
- पहिल्याच खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई. मूल मग बिनधोक, सोपे शब्दच निवडतं. शुद्धलेखन दुसऱ्या फेरीत.
- स्वतः न लिहिणं. मुलांसमोर दोन ओळी लिहा, खोडा, पुन्हा लिहा.

उपमा, संवाद, कलाटणी सध्या राहू द्या. उद्या वर्गात एखादी जुनी किल्ली न्या आणि पाच मिनिटं नुसती हाताळायला द्या.