व्हर्जिनियात फक्त कृष्णवर्णीयांसाठी टीबीचं इस्पितळ होतं म्हणतात. आज त्याचा मागमूस नाही. त्याचा इतिहास कसा शोधायचा?

ती जागा नॉटोवे काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) बर्कव्हिलची. तिथलं पीडमाँट सॅनिटोरियम १९१८ साली सुरू झालं. गोऱ्या रुग्णांसाठी कटॉबा १९०९ पासूनच होतं, १९२० मध्ये शार्लट्सव्हिलला ब्लू रिजही आलं. पीडमाँट १९६५ च्या सुमारास बंद झालं आणि १९६७ पासून तिथे वृद्धांचं सरकारी रुग्णालय आहे. आजच्या नावाने शोधलंत तर आधीची सगळी वर्षं हातून निसटतात.

माझं ऐकाल तर इमारतींच्या मागे आधी लागू नका. मृत्यूचे दाखले काढा, व्हर्जिनियात ते २५ वर्षांनी खुले होतात. दाखल्यावर मृत्यूचं ठिकाण नॉटोवे आणि राहण्याचं ठिकाण भलतंच, कारण क्षयरोग, असं दिसलं की थांबा. मग खाली दफनाच्या जागेचा रकाना वाचा. तिथे दूरच्या काउंटीचं नाव असेल, तर माणूस उपचाराला आला आणि मातीला घरी गेला. म्हणून सगळे रुग्ण आवारातच पुरले असतील, असं धरून चालू नका.

मग जनगणना. १९२० ते १९५० च्या चारही याद्या खुल्या आहेत, १९६० ची २०३२ मध्ये खुली होईल. घरांच्या याद्यांत रुग्ण सापडले नाहीत तर संस्थांची पानं बघा, ती बहुधा वेगळी असतात. नातं लिहायच्या रकान्यात ‘पेशंट’ किंवा ‘इनमेट’ (इथे अर्थ कैदी नव्हे, संस्थेत राहणारा) असतं. कर्मचाऱ्यांच्या ओळी सोडू नका: इथे कृष्णवर्णीय मुलींना नर्सिंगचं शिक्षण मिळत असे, त्या मुली तिथेच सापडतील.

शोधताना ‘कलर्ड’ आणि ‘नीग्रो’ हे त्या काळचे शब्दही टाकावे लागतात. आज ते टोचतात, पण कागदांवर तेच आहेत. ‘रिचमंड प्लॅनेट’, नॉरफोकचं ‘जर्नल अँड गाइड’ ही कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रं जरूर चाळा. सरकारी अहवालात खाटा आणि खर्च असतो, माणसांच्या बातम्या मात्र इथे शोधाव्या लागतात.

केसपेपर मागायला गेलात तर अडाल. गोपनीयतेचा संघीय कायदा मृत्यूनंतर ५० वर्षं लागू राहतो, त्यामुळे आधी मृत्यूचा दाखला हातात घ्या, मगच अर्ज करा.