रॉयल्टी म्हणजे टॅक्स नव्हे, हे ठरायला ३५ वर्षं लागली

तुम्ही विचारलंय की सर्वोच्च न्यायालयाच्या खनिज-कराच्या निकालात केंद्र हरलं, तर आता राज्यं वाटेल तेवढा कर लावणार का, आणि ठाण्यात फ्लॅट घेणाऱ्याला त्याची झळ बसेल का.

तुर्भ्याला खडी-मुरुमाच्या धंद्यात मी बरीच वर्षं हिशेब लिहिले. रॉयल्टीच्या, म्हणजे खनिज काढण्यापोटी द्यायच्या पैशांच्या, पावतीला सगळे ड्रायव्हर 'टॅक्स'च म्हणायचे, मीही कधी दुरुस्त केलं नाही. सर्वोच्च न्यायालयातला वाद नेमका या शब्दावरच होता. १९८९ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सात न्यायाधीशांनी 'रॉयल्टी हा कर आहे' असं लिहून ठेवलं. २००४ मध्ये पाच न्यायाधीश म्हणाले, ही टंकलेखनाची किंवा अनवधानाची चूक आहे. म्हणायचं होतं 'रॉयल्टीवरचा उपकर हा कर आहे'. पण पाचांनी सातांचं खोडायचं कसं? शेवटी प्रकरण नऊ जणांकडे गेलं. एका वाक्यापायी केवढं हे! २५ जुलै २०२४ ला आठ विरुद्ध एक असा निकाल लागला: रॉयल्टी हा खाणपट्ट्याच्या करारातला मोबदला आहे, कर नव्हे. त्यामुळे खनिज-हक्कांवर, म्हणजे खनिज काढायच्या हक्कावर, राज्य वेगळा कर लावू शकतं.

वाटेल तेवढा मात्र नाही. खनिज-हक्कांवरच्या करावर संसद कायदा करून मर्यादा घालू शकते. खनिज असलेल्या जमिनीवरच्या कराला ती मर्यादा लागू नाही, तिथे राज्याचा हात मोकळा. न्या. नागरत्ना यांचा विरोध होता. राज्याराज्यांत महसुलासाठी चढाओढ लागेल आणि खनिजांचे भाव वेडेवाकडे वाढतील, ही त्यांची भीती मला तरी अनाठायी वाटत नाही.

या करांची १ एप्रिल २००५ पासूनची मागची वसुलीही राज्यांना करता येते, पण १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत.

आता फ्लॅटचं. खडी, मुरूम, रेती ही गौण खनिजं. त्यांचे नियम १९५७ च्या खाण-खनिज कायद्यानुसार आधीपासून राज्यच करतं, ब्रासमागे (शंभर घनफुटांमागे) पैसे राज्यच घेतं. तिथे या निकालाने फारसं काही बदललेलं नाही. फरक पडलाच तर सिमेंटच्या चुनखडीतून आणि सळईच्या लोहखनिजातून, तोही खनिज जिथून येतं त्या राज्याने असा कर लावला असेल तर. बिल्डरने निकालाचं नाव सांगून खडीचा भाव वाढवला, तर रॉयल्टीची जुनी आणि नवी पावती शेजारी ठेवून दाखवायला सांगा.